नंदीच्या चाकांवरची करवत

चाकं काढलेला नंदी किती केविलवाणा दिसतो, हे हरिहर मास्तरांना त्या सकाळी पहिल्यांदाच कळलं. ओसरीवर चार विटांवर उभा केलेला तो लाकडी बैल त्यांच्याकडे असा काही टक लावून पाहत होता, की शेवटी मास्तरांनी त्याच्या तोंडावर आपला पंचा टाकला. हातातल्या पिशवीत नंदीचे दोन आस आणि चार चाकं होती. पोळा परवावर आला होता, तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि मुख्य म्हणजे नंदी मास्तरांचा नव्हता.

तो होता शेजारच्या बापूसाहेब देशमुखांचा. बापूसाहेब नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले होते, पण हुकूम सोडायची सवय काही निवृत्त झाली नव्हती. तान्ह्या पोळ्याला परतवाड्यातली पोरं आपापले लाकडी बैल दोरीनं ओढत मिरवायची, तेव्हा सगळ्यांत पुढे बापूसाहेबांचा नंदी असायचा. एखादं पोर पाठीवर सहज बसेल एवढा मोठा, आणि चाल तर अशी, की बाया आरती घेऊन दारात थांबायच्या. यंदा त्याचा रंग उडाला होता. 'द्या इकडे, मी रंगवून देतो,' असं म्हणून मास्तरांनी आपण होऊन तो घरी आणला. मास्तर शाळेत विज्ञान शिकवत आणि घरी दिसेल ती वस्तू दुरुस्त करत. त्यांना वस्तू दुरुस्त करायला फार आवडे. वस्तूंनाही ते आवडतं का, याची चौकशी कोणी केली नव्हती.

"अहो, चहा न घेता कुठं निघालात?" आतून सिंधूताईंनी विचारलं.

"पंजाबरावांच्या वखारीत. आज फळी निघते."

"हे मी होळीपासून ऐकून राहिले."

"तेव्हा गाइड व्हील नव्हती. आज मिळाली." मास्तरांनी पिशवी पाठीमागे धरली.

"म्हणजे काय असतं?"

"मार्ग दाखवणारी चाकं. करवतीच्या चौकटीला बसवायची. मग ती इकडेतिकडे जातच नाही. रुळावरून गाडी जावी तशी नाकासमोर जाते."

"जाऊ द्या बाई नाकासमोर एकदाची. मी दादाला निरोप धाडला आहे."

मास्तरांचा एक पाय पायरीवर आणि एक हवेत राहिला. "कोणता निरोप?"

"फळी झाली, पोळ्याला पाहायला या. अकोल्याच्या गाडीचा कंडक्टर जठारपेठेतलाच आहे. त्याच्याजवळ सांगितलं काल."

"पण फळी कुठं झाली आहे अजून?"

"तुम्हीच नाही का म्हणालात, निघालीच समजा? मी समजले."

हे 'समजणं' किती महाग होतं, ते मास्तरांनाच ठाऊक. सिंधूताईंचं माहेर तिवस्याचं. तिथं शेताच्या बांधावर त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतः लावलेला एक साग होता. अण्णा गेले आणि त्याच वर्षी वादळात तो सागही पडला. एक बाजू तिथल्या तिथं तासून सपाट केलेला त्याचा बुंध्याकडचा ओंडका सिंधूताईंनी मागून घेतला. त्याची बंगई करायची, अण्णांच्या झाडावर बसून झोके घ्यायचे, एवढी एकच गोष्ट त्यांना माहेरच्या सगळ्या पसाऱ्यातून हवी होती. त्यांचे थोरले भाऊ मोरोपंत अकोल्याला जठारपेठेत राहणारे वकील. ते म्हणाले, "माझ्याजवळ दे. अकोल्याच्या आरागिरणीत टाकतो. तुझ्या मास्तरांच्या हाती दिला तर झाडाचा भुसा होईल."

झालं. नवऱ्याला नावं ठेवायचा हक्क सिंधूताईंनी स्वतःकडे राखून ठेवला होता. तो भावाला दिलेला नव्हता. भर वर्षश्राद्धाच्या पंगतीत त्या म्हणाल्या, "माझा नवरा आपल्या हातानं सरळ सपाट फळी काढून दाखवील. नाही काढली तर जठारपेठेत येऊन तुझ्या दारात माफी मागीन. आणि काढली तर तू परतवाड्याला येऊन मागायची." तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं बंद होतं. राखी नाही, भाऊबीज नाही. यात मास्तरांना काही विचारावं असं दोघांपैकी कोणालाच वाटलं नव्हतं.

पंजाबराव हे परतवाड्यातले लाकडाचे व्यापारी आणि मास्तरांचे जुने दोस्त. मेळघाटातल्या कटाईसाठी त्यांनी नागपूरहून पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत आणली होती. तिचं एवढं कौतुक, की पाहुणा आला की चहाच्या आधी करवत सुरू होत असे आणि चहा येईपर्यंत पाहुणा निघून गेलेला असे. उभं झाड आडवं करायला ती उत्तम. पण आडव्या झाडाची फळी काढायची तर करवत धरून ठेवायला काहीतरी हवं. शाळेच्या वाचनालयात आलेल्या एका अमेरिकन मासिकात मास्तरांनी त्याचं चित्र पाहिलं आणि त्यांची झोप उडाली. त्यांनी लोखंडी खाटेचे अँगल कापून चौकट केली, करवत तिच्या पोटाशी आडवी बांधली आणि ओंडक्यावर शिडी निजवून तिच्यावरून चौकट सरकवायची अशी योजना आखली. शिडी सरळ, म्हणजे फळीही सरळ.

पहिला प्रयोग बाभळीच्या ओंडक्यावर झाला. चौकट शिडीवर अडायची, पंजाबराव रेटायचे, मग ती एकदम हातभर उडी मारायची. जे निघालं त्याच्या पायऱ्या मोजता येत होत्या.

"मास्तर, हे रेटाले दोन रेडे लागते," पंजाबराव घाम पुसत म्हणाले.

"घर्षण आहे, पंजाबराव. चाकं पाहिजेत. त्या चित्रात चाकं होती."

"मंग हे आधी काहून नाई सांगतलं?"

"मला वाटलं, ती दिसायला लावली असतील."

तेव्हापासून मास्तर चाकं शोधत होते. सायकलची फार मोठी. शिलाई मशीनचं एकच. बाबागाडीची रबरी चाकं मिळाली, ती करवतीच्या वजनानं बसली. आणि मग काल संध्याकाळी नंदीच्या पोटाखाली पांढरा रंग लावताना त्यांच्या नाकासमोर ती चार चाकं आली. वीतभर उंचीची, सागवानी, वरून लोखंडी धाव चढवलेली, आसाला पक्की ठोकलेली. मास्तरांनी दोऱ्यानं चारही चाकांचा घेर मोजला. सूतभर फरक नव्हता. एका दिवसाचाच तर प्रश्न होता. आज काढायची, फळी करायची, उद्या परत लावायची. नंदीला कळणार नाही आणि बापूसाहेबांना तर नाहीच नाही.

वखारीत पोचल्यावर अर्ध्या तासात चाकं चौकटीला बसली. मास्तरांनी बोटानं ढकललं तर ती शिडीवरून घरंगळत गेली. पंजाबराव खूष झाले.

"आता कसं! हे तं पोट्ट्याच्या हातानं बी चालन."

"विज्ञान आहे, पंजाबराव. करा सुरू."

करवतीनं किंकाळी फोडली. सागाचा पिवळा भुसा उडाला आणि अण्णांच्या झाडाचा गोड वास वखारभर पसरला. चौकट शिडीवरून निघाली ती कुठेही न अडता. मास्तरांच्या अंगावर आनंदानं काटा आला. मात्र यंत्राचं तोंड मध्येच हळूच वर उचललं जात होतं, मग हळूच खाली बसत होतं, मग पुन्हा वर.

"मास्तर!" पंजाबराव आवाजाच्या वर ओरडले. "हे मुंडी काहून हालवून राह्यलं?"

"लय आहे ती!" मास्तर ओरडले. "यंत्राला लय असते!"

"लय हाय ते मलेबी दिसते! कमी करा नं मंग!"

पण तेवढ्यात करवत दुसऱ्या टोकाशी पोचली होती. शेवटच्या धक्क्यासरशी पुढच्या एका चाकाची धाव निसटली आणि चाकाला मधोमध चीर गेली. त्याची काळजी करायला त्या क्षणी कोणाला वेळ नव्हता. दोघांनी मिळून वरचा भाग उचलला आणि बाजूला ठेवला.

खाली फळी होती. लांब होती, रुंद होती, चांगली चार बोटं जाड होती. पण ती दर दीड हातावर दोन बोटंच जाड होती. डावीकडे एक खळगा, मग उंचवटा, मग मध्ये एक खळगा, मग उंचवटा, मग उजवीकडे एक खळगा. कडेला वाकून पाहिलं तर लाटा दिसत होत्या.

पंजाबरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. "मास्तर, तुमाले बंगई पायजे होती का गव्हाण?"

"पेट्रोल," मास्तर कसनुसे म्हणाले. "पेट्रोल कमीजास्त जात असेल."

"माह्या मशीनले नावं ठेवू नका, सांगून ठेवतो. जर्मनीचं हाय ते."

"मग शिडी वाकली असेल."

दोघांनी शिडीवर दोरी ताणून पाहिली. शिडीत काही दोष नव्हता.

"रंधा मारून सपाट करू," मास्तर म्हणाले.

"करसान. पापड उरन."

वरच्या भागातून दुसरी फळी निघाली असती, पण तो आतून वाळवीनं पोखरलेला निघाला. अण्णांचा साग एवढाच होता. मास्तर तिथंच एका ओंडक्यावर बसले. पावसाळा लागल्यावर हा ओंडका भिजू नये म्हणून सिंधूनं लग्नातलं जाजम त्याच्यावर घातलं होतं, ते त्यांना आठवलं. स्वतःची फजिती झाली याचं त्यांना काही वाटत नव्हतं, त्याचा सराव होता. पण तिला जठारपेठेत भावाच्या दारात उभं राहावं लागणार, या कल्पनेनं त्यांना रडूच यायचं राहिलं होतं.

पंजाबरावांना ते बघवेना. "असे बसू नका, बावा. घासून तं पाहा. दुरून कोनाले समजते?"

दुसरा सबंध दिवस मास्तरांनी घासण्यात घालवला. सकाळी खरादीवाल्याकडून, एकच चाक नवं दिसू नये म्हणून, नंदीसाठी पुढच्या चाकांची नवी जोडी करून घेतली, तिला लाल रंग दिला, नंदीला चाकं चढवली आणि बापूसाहेबांच्या ओसरीवर तो नेऊन उभा केला. बापूसाहेब वाड्याबाहेर गेले होते, हे बरंच झालं. मग वखारीत जाऊन फळीवर वाळूचा कागद, तेल, पुन्हा कागद, पुन्हा तेल. संध्याकाळपर्यंत लाटा काही कमी झाल्या नाहीत, फक्त चमकायला लागल्या. अंधार पडायच्या आत मास्तर आणि पंजाबरावांनी फळी सतरंजीत गुंडाळून घरी आणली, बैठकीत आढ्याच्या कड्यांना पितळी साखळ्यांनी टांगली, आणि सिंधूताई पुरणाची डाळ निवडून बाहेर येईपर्यंत मास्तरांनी तिच्यावर घरातली सगळ्यांत जाड गादी अंथरली.

"बाई! केवढी मोठी झाली!" सिंधूताईंचा चेहरा एवढा उजळला, की मास्तरांनी मान खाली घातली. "गादी काढा नं. लाकूड तर पाहू द्या."

"नको! पॉलिश ओलं आहे."

"ओल्या पॉलिशवर गादी घातली?"

"तेच तर शास्त्र आहे. कापूस जादा तेल शोषून घेतो. चोवीस तास हात लावायचा नाही."

सिंधूताईंनी बाहेर लोंबणाऱ्या कडेवरून बोट फिरवलं. कड मास्तरांनी फार मन लावून घासली होती. "अण्णा असते तर म्हणाले असते, जावई लाख माणूस आहे," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या. मास्तरांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

पोळ्याच्या दिवशी दुपारच्या गाडीनं मोरोपंत आले. काळा कोट, हातात छत्री आणि चेहऱ्यावर उलटतपासणीला उभं राहिल्याचा भाव. ओसरीवर सिंधूताई समोरच उभ्या होत्या. मोरोपंतांनी त्यांच्या डोक्यावरून मास्तरांकडे पाहिलं.

"हरिहरराव, तुमच्या बायकोला सांगा, मी आलो."

सिंधूताई मास्तरांकडे वळल्या. "त्यांना सांगा, दिसलं मला. पाय धुवायला पाणी ठेवलं आहे."

"तिला सांगा, पाणी फार गरम आहे."

"त्यांना सांगा, विसण बाजूलाच आहे."

मास्तर दोघांच्या मध्ये उभे राहून डावीउजवीकडे बघत होते. एकही शब्द त्यांना पुन्हा सांगावा लागत नव्हता, पण प्रत्येक वेळी त्यांचं तोंड मात्र उघडत होतं. जेवणातही तेच झालं. "तिला सांगा, पोळी अण्णांना आवडायची तशी झाली आहे," हे म्हणताना मोरोपंतांचा आवाज जरा मऊ आला, आणि सिंधूताईंनी मास्तरांना काही न सांगता भावाच्या पोळीवर आणखी एक चमचा तूप सोडलं. मास्तरांना वाटलं, सुटलो. पण मोरोपंतांनी हात धुतले आणि थेट बैठकीत आले.

"हीच का ती?"

"हीच," सिंधूताई अभिमानानं म्हणाल्या. नेमकं त्याच वेळी मास्तर म्हणाले, "पॉलिश ओलं आहे."

"हरिहरराव, पस्तीस कोस आलो मी. गादी पाहायला नाही."

"चोवीस तास होत आले की," सिंधूताई म्हणाल्या. "दाखवा नं आता."

मास्तर गादीला हात घालतात न घालतात तोच बाहेरून खडखडाट ऐकू आला आणि बापूसाहेब दोरीनं नंदी ओढत थेट बैठकीत शिरले. मागे त्यांची अर्धी गल्ली दाराशी जमली होती.

"मास्तर! माह्या नंदीले काय करून ठेवलं तुमी?"

"रंगवला, बापूसाहेब. छान झाला आहे."

"रंगाचं नाई म्हणत मी! मान कुठी हालते त्याची?" बापूसाहेबांनी नंदी बैठकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून दाखवला. नंदी सरळ, सपाट, नाकासमोर चालत गेला. "पाहा! कारकून कचेरीत चालला जसा!"

"पण लाकडाची मान हलणार कशी?"

"माह्या आज्यानं पुढच्या दोन्ही चाकायचं भोक मुद्दाम एका बाजूले पाडलं होतं. चाक फिरलं का नंदी पुढून वर होते, मंग खाली होते. मान डोलवत, मस्तीत चालते तो. म्हणून तं त्याले पयला मान हाय! साठ वर्सांत कोनी हात नाई लावला त्या चाकाले, अन् तुमी नवीन बसवून देल्ले? जुने कुठी हायेत?"

मास्तरांच्या डोळ्यांसमोर ती करवत आली. वर होणारी, खाली बसणारी, मान डोलवत मस्तीत चाललेली. पेट्रोल नव्हतं, शिडी नव्हती, आणि लय तर नव्हतीच. त्यांच्या तोंडून नकळत "अरेच्चा!" असं निघून गेलं, आणि ते मोरोपंतांनी बरोबर टिपलं.

"हरिहरराव, जुनी चाकं कुठं आहेत?"

"वखारीत."

"लाकडाच्या वखारीत नंदीच्या चाकांचं काय काम?"

मास्तरांनी गादीची कड घट्ट धरली.

"ती कशाला बसवली होती?"

"करवतीला," मास्तर पुटपुटले. "गाइड व्हील म्हणून."

मोरोपंत दोन पावलं पुढे झाले आणि त्यांनी गादी ओढून काढली.

दुपारच्या उजेडात तीन खळगे आणि दोन उंचवटे छान चमकत होते. सिंधूताई जवळ गेल्या. एका खळग्यातून उंचवट्यावर, तिथून पुढच्या खळग्यात, असा त्यांचा तळहात फळीवरून फिरत गेला. त्यांनी मास्तरांकडे पाहिलंही नाही. ओरडल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"त्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "उद्याच्या गाडीनं जठारपेठेत येते. दारात माफी मागते."

"सिंधू, चूक माझी आहे, मी जातो," मास्तर म्हणाले. "मी मागतो माफी."

"शब्द माझा होता."

"अन् माह्या नंदीचं काय?" बापूसाहेबांनी विचारलं.

खटला जिंकला की मोरोपंत एरवी कोर्टाच्या पायऱ्यांवर पान खात असत. आज त्यांनी डबीला हात लावला नाही. बहिणीकडे न बघता ते उगाचच तावातावानं बोलू लागले. "मी आधीच म्हटलं होतं. आरागिरणीत टाकला असता तर आरशासारखी फळी निघाली असती. आता हे काय आहे? याच्यावर माणसानं बसायचं तरी कसं? हे असं टेकायचं, आणि मग..." असं म्हणत, बसणं किती अशक्य आहे ते दाखवण्यासाठी, ते डाव्या खळग्यात बसले.

आणि पुढचं बोलायचे थांबले.

मोरोपंत अंगानं भरदार होते. गेल्या कित्येक वर्षांत कोर्टाचे बाक, एसटीची आसनं आणि घरच्या खुर्च्या यांपैकी कोणीही त्यांच्या कमरेची विचारपूस केली नव्हती. या खळग्यानं त्यांना अलगद आत घेतलं. शेजारचा उंचवटा कमरेला कडेनं आधार देत होता, पुढची घासलेली कड मांडीला कुठे लागत नव्हती. त्यांनी डोळे मिटले. बंगई आपोआप जराशी हलली.

"मग?" मास्तरांनी भीत भीत विचारलं.

"थांबा. तपासून पाहतो आहे."

तपास बराच वेळ चालला. साखळ्या कुईकुई वाजत होत्या. सिंधूताईंनी डोळ्यांना पदर लावला होता, तो बाजूला करून त्या पाहू लागल्या.

"अहो, त्यांना सांगा, तपास झाला असेल तर उठा म्हणावं. बंगई माझी आहे."

"तिला सांगा, एवढी मोठी आहे. तिकडे बसावं."

सिंधूताई ठसक्यानं गेल्या आणि उजव्या टोकाच्या खळग्यात बसल्या. त्यांचाही ठसका तिथंच जिरला. बंगई दोन्हीकडून सारखी झाली आणि संथ झुलायला लागली. दोघं दोन टोकांना, तोंडं दोन दिशांना, पण पाय मात्र दोघांचेही एकाच वेळी जमिनीला लागून उचलले जात होते. बापूसाहेबांनी नंदीची दोरी खाली सोडली.

मास्तरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. दोन दिवस ना धड जेवण झालं होतं, ना झोप. मधला खळगा रिकामाच होता. शेवटी हे सगळं आपल्याच हातचं काम आहे, असं म्हणून ते वळले आणि साखळीला धरून तिथं टेकणार, एवढ्यात दोन्ही बाजूंनी एकदम आरोळी उठली.

"तिथं नाही!"

मास्तर अर्धे वाकलेले तसेच राहिले.

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच पाहिलं.

"तिथं अण्णा बसायचे," मोरोपंत म्हणाले. ते मास्तरांना सांगत नव्हते. "तिवस्याच्या बंगईवर, नेहमी मध्ये. मी इकडे आणि तू तिकडे."

"तू मला चिमटे काढू नयेस म्हणून," सिंधूताई म्हणाल्या.

"मी? चिमटे तू काढायचीस!"

"खोटं नको बोलू, दादा. अण्णांनी कान कोणाचा पिळला होता?"

"तो तुझ्या रडण्यामुळे! लागलं काहीच नव्हतं तुला. नाटकी कुठली."

"हातावर वण आहे अजून. पाहा!" सिंधूताईंनी बाही वर केली. मोरोपंत मधल्या जागेवरून वाकून खरोखरच पाहू लागले. तिथं वण वगैरे काही नव्हता, पण पाहता पाहता त्यांचा चष्मा धुरकटला आणि त्यांनी तो कोटाच्या बाहीनं पुसला.

"उद्या येतेस नं मग?" ते म्हणाले.

"येते तर. शब्द दिला आहे. फळी सरळ नाही ती नाहीच."

"दारात माफी मागायची. मग आत यायचं आणि दिवाळीपर्यंत राहायचं. राहिलेली आणि यंदाची, दोन्ही भाऊबीजा करून परत जायचं."

"दिवाळीपर्यंत?" मास्तरांनी घाबरून विचारलं. "मग माझ्या जेवणाचं काय?"

त्यांचं कोणी ऐकलं नाही. तिवस्याचा आंबा, विहिरीवरचं कासव, अण्णांची काठी, असं काय काय निघत होतं, आणि बंगई झुलत होती.

बापूसाहेब मास्तरांच्या कानाशी आले. "मास्तर, उद्या सकाळपावतर भोक बाजूले पाडून द्या. नाई तं मी काई ऐकनार नाई."

"देतो, बापूसाहेब."

"बराबर बाजूले. मधात नाई."

"देतो म्हटलं नं."

बंगईचा वेग आता मंदावला होता. मोरोपंतांनी पाय वर उचलून मांडी घातली, त्यामुळे पाय टेकवायचं कामच संपलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मास्तर साखळी धरून उभे होतेच. त्यांनी आपण होऊन एक झोका दिला, मग दुसरा. तिसऱ्या झोक्याला बंगई तिरकी जाऊन खांबाला घासली.

मोरोपंतांनी उभ्या मास्तरांना वगळून थेट बहिणीकडे पाहिलं.

"सिंधे, तुझ्या नवऱ्याला सांग, झोका तरी सरळ दे म्हणावं."